गळ्याची काळजी

४ जुलै, शुक्रवार

शेवटी पत्रक लागलंच. सर्व हंगामी वृत्तनिवेदकांची सप्टेंबरात फेरचाचणी, पास होतील त्यांनाच यापुढे ड्युटी. सत्तावीस वर्षं मी रेडिओच्या या केंद्रावरून संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्या वाचते आहे आणि सत्तावीस वर्षं हंगामीच आहे. आंब्याचाही हंगाम एवढा लांबत नाही. आता म्हणे जिनत तांबोळीला बातम्या वाचता येतात की नाही ते तपासणार. तपासा.

पत्रकासमोर प्रियदर्शनी उभी होती. ही आमच्यातली सगळ्यात नवीन निवेदिका, वाशीमकडची. वाचते बरं, पण घाईत असली की 'का' ऐवजी अजून 'काहून' निघतं तोंडातून. मला म्हणाली, "ताई, तुम्हाला कशाचं टेन्शन?" आणि पुढे काहीतरी पुटपुटली. या पिढीला अर्धं वाक्य पोटात ठेवायची सवयच आहे.

टेन्शन आहे. इथे लिहायला काय हरकत आहे? घर जुनेदच्या पेन्शनीत चालतं, प्रश्न त्याचा नाही. पण संध्याकाळी सात वाजता घरी बसलेली मी मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. वय झालं की आवाज जाड होतो, थरथरतो, हे मी दोघा-तिघांचं पाहिलंय. तेव्हा आजपासून गळ्याची काळजी. दही बंद, लोणचं बंद, फ्रिजमधलं पाणी बंद. ज्येष्ठमध आणलं आहे. बसमध्ये गळ्याला स्कार्फ गुंडाळायचा, मग लोक बघेनात का.

१० जुलै, गुरुवार

कोंढव्याहून येताना स्वारगेटला बस बदलली. कंडक्टर तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. मी विचारलं, काय? तो पुन्हा तसंच. पुन्हा विचारलं तर म्हणतो, "बाई, तीनदा सांगितलं, आता लिहून देऊ का?" सगळी बस हसली. हा पुणेरीपणा ठीक आहे, पण आधी नीट बोलायला तरी शिका.

घरी येऊन डाळ लावली, तर करपली. नव्या कुकरची शिट्टीच होत नाही. जुनेद म्हणाले, होते. मी म्हटलं, मग मी काय बहिरी आहे? ते डाळ दुसऱ्या भांड्यात काढायला लागले. कंपनीत तक्रार करायला सांगितलं आहे.

१३ जुलै, रविवार

आज सुट्टी. आमच्या घरी प्रेम दखनीत आणि भांडण मराठीत चालतं. आज दिवसभर मराठी चाललं होतं. कारण टीव्ही. जुनेद सारखे येऊन आवाज कमी करतात, शेजारचे काय म्हणतील म्हणतात. एवढा कमी की ऐकायचं काय, नुसती माणसं बघायची.

एक मात्र आहे. निवृत्त झाल्यापासून माणूस बदललाय. पूर्वी पेपरातून डोकं वर न काढता उत्तर द्यायचे. हल्ली काही सांगायचं असलं की उठून समोर येऊन बसतात, माझ्या तोंडाकडे बघत सावकाश बोलतात. या वयात एवढं लक्ष द्यायला लागलेत, बरं वाटतं. जोयाला, आमच्या मुलीला, फोनवर हे सांगितलं तर तिने विषयच बदलला. तिला बहुधा लाज वाटली असेल.

२१ जुलै, सोमवार

'पुण्यातून चिमण्या कुठे गेल्या' या विषयावर रेडिओसाठी छोटं रूपक करावं असं बरेच दिवस मनात होतं. आमच्या खिडकीत पूर्वी सकाळी नुसता गोंधळ असायचा. यंदा एक आवाज नाही. आज सकाळी केंद्राच्या मागच्या झाडांखाली रेकॉर्डर घेऊन गेले, प्रियदर्शनीला बरोबर घेतलं. म्हटलं, शिकेल. हेडफोन तिच्या कानांवर होते. मी माइकमध्ये सांगितलं: ऐका, या झाडावर एके काळी शेकडो चिमण्या होत्या, आज इथे फक्त शांतता आहे. चांगलं जमलं वाक्य. आवाजही कसा भरून आला.

प्रियदर्शनी माझ्याकडे बघतच राहिली. मग हेडफोन काढून म्हणाली, "ताई, हे आपण नको लावूया. विषय जुना झालाय." माझा विषय हिला जुना. मी रूपक सोडून दिलं, पण मनातून उतरली ती.

ड्युटीवर तंत्रज्ञानेही कटकट केली. हेडफोनचा आवाज एवढा वाढवता की बाहेर ऐकू येतो, म्हणाला. हेडफोन जुने झालेत, त्याला मी काय करू? माझे कान तर इतके तिखट आहेत की नदीपात्रात ढोलपथकाचा सराव सुरू झाला की मला स्टुडिओच्या जिन्यात कळतं.

२९ जुलै, मंगळवार

आता लिहायलाच हवं. प्रियदर्शनी माझी जागा घ्यायला निघाली आहे.

आमच्याकडे जिल्ह्यांतून वार्ताहर फोनवर बातमी सांगतात आणि ती ऐकता ऐकता उतरवून घ्यायची असते. या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. सुनामीपासून निवडणुकांपर्यंत सगळं मी असंच कानाने घेतलंय. आणि गेले कित्येक आठवडे फोन वाजला की ही मुलगी माझ्याआधी झडप घालते. मी घेतलाच, तर बाजूला उभी राहून माझ्या कागदात डोकावते. आज साताऱ्याचा फोन होता. मी लिहून घेतलं, तर माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला म्हणाली, "सर, आकडे परत एकदा सांगता का? ताईंनी लिहिलंय, मी फक्त खात्री करते." वार्ताहरासमोर. मग माझ्या कागदावर दोन ठिकाणी पेन्सिलीने दुरुस्ती केली, तेही मला न विचारता.

मला भयंकर संताप आला. सगळा जन्म "आडनाव तांबोळी आणि मराठी किती हो शुद्ध!" हे कौतुक ऐकण्यात गेला. दर वेळी हसून धन्यवाद म्हणत आले. त्याचा कंटाळा आला होता, पण निदान ते माझ्या कामाला बोट लावत नव्हते. हिने बोट लावलं.

कादंबरी मॅडमकडे गेले. वृत्त विभागाच्या प्रमुख, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण समजूतदार. सांगितलं, माझ्या पाळीत मला ही मुलगी नको.

२ ऑगस्ट, शनिवार

प्रियदर्शनीला सकाळची पाळी लागली. म्हणजे तिला पहाटे चारला उठावं लागणार. जाताना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, फोन आला की आकडे परत विचारून घ्या हं." मला शिकवून गेली. मी वर पाहिलंच नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वर घाटात पावसाचा जोर आहे. बुलेटिनच्या थोडं आधी खडकवासल्याहून धरणाच्या नियंत्रण कक्षाचा फोन आला. उत्तरेश्वर म्हणून नवीन अभियंता आहे, बार्शीकडचा, शब्द गिळून बोलतो. मुठा नदीत पंचवीस हजार क्युसेक पाणी सोडणार, नदीकाठच्यांनी काळजी घ्यावी. लिहून घेतलं आणि वाचलं. मागे उभं राहून कोणी खात्री करत नव्हतं. किती दिवसांनी मोकळं वाटलं.

आज आवाज फार छान लागला. 'क्युसेक'नंतर किंचित थांबले, तिथे अगदी हवा तसा भार आला. चाचणीत असा लागला तर कोणाची बिशाद आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

आज वाईट झालं.

लोणी काळभोरचे हिंमतराव म्हणून एक जुने श्रोते आहेत. नदीला लागून त्यांचं शेत आहे. वर्षानुवर्षं बातम्या संपल्या की फोन करतात, कधी शाबासकी द्यायला, कधी चुका काढायला. आज दुपारीच आला. ते ओरडूनच बोलतात, त्यामुळे शब्दन् शब्द कळला.

"बाई, पंचवीस म्हणाला तुम्ही. पंचवीसला पाणी आमच्या मोटारीला लागत नाय, हे मला ठावं हाय. पोरं म्हणली, मोबाईलवर पस्तीस हाय, मोटार काढू, शेरडं वर आणू. मी त्यांना गप केलं. म्हणलं, मोबाईल कायबी सांगतो, रेडिओ खोटं बोलत नाय. झोपलो. मोटार गेली, पाईप गेलं, दोन शेरडं गेली. माणूस गेलं नाय, नशीब म्हणायचं."

मी म्हटलं, हिंमतराव, आम्हाला मिळालं तेच आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्हाला सांगणाऱ्यालाच इचारा." आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौकशी केली. सोडलं होतं पस्तीस हजार. म्हणजे त्या अभियंत्याने मला चुकीचा आकडा सांगितला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

प्रकरण वर गेलं. कादंबरी मॅडमनी लेखी मागितलं. मी लिहून दिलं: संबंधित अभियंत्याने दूरध्वनीवरून पंचवीस हजार हाच आकडा सांगितला, याबद्दल माझ्या मनात कोणतीही शंका नाही. खाली ठसठशीत सही.

संध्याकाळी उत्तरेश्वरचा फोन आला. त्याच्या वरिष्ठांनी त्याच्याकडे खुलासा मागवला आहे, तो अजून प्रोबेशनवर आहे. "मॅडम, मी पस्तीसच म्हणालो हो," एवढंच वाक्य धरून बसला होता. रडवेला झाला होता. मी म्हटलं, तुम्ही लहान आहात, यापुढे स्पष्ट बोलायची सवय करा. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, पण दोन शेरडं आणि केंद्राचं नाव गेलंय. कोणीतरी उत्तर द्यायला हवं.

२५ ऑगस्ट, सोमवार

तंत्रज्ञाने सांगितलं की तो फोन संगणकात ध्वनिमुद्रित झालेला आहे, अभियंत्याचा आवाज बुलेटिनमध्ये वापरायचा म्हणून यंत्र चालू होतं. हेडफोन लावून ऐकलं. पंचवीस. अगदी स्वच्छ पंचवीस. जीव भांड्यात पडला. कादंबरी मॅडम आज रजेवर आहेत, त्यांना उद्या देईन. एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन घरी आले, जुनेदना ऐकवायला. गेले चार दिवस त्यांच्या चेहऱ्यावर मला काही पटत नव्हतं.

लॅपटॉपवर लावलं. म्हटलं, ऐका आता. त्यांनी ऐकलं, म्हणाले परत लाव. परत लावलं. मग म्हणाले, "जिनत, आधी जेवून घेऊ."

"आधी सांगा, काय म्हणाला तो?"

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "पस्तीस."

मी हसले. पुन्हा लावलं. "पस्तीस म्हणतोय तो. पंचवीस नाही." मी पुन्हा लावलं. किती वेळा लावलं कोणास ठाऊक. दर वेळी तो मुलगा मला पंचवीस म्हणाला आणि दर वेळी जुनेदनी नकारार्थी मान हलवली. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला आणि माझा हात धरला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हिवाळ्यापासून असेल. जोयालाही जाणवलंय. म्हटलं, तुझी चाचणी होऊ दे, मग बोलू. तू इतकं मनाला लावून घेतलं होतंस."

"तोवर लोकांची शेरडं जाऊ देत?"

त्यावर ते काय बोलले ते कळलं नाही, मान खाली घातली होती त्यांनी. मला भीती वाटतेय. इतकी भीती मला बाबांच्या आजारपणातही वाटली नव्हती.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गेले नाही. ताप आहे असं कळवलं. पेनड्राइव्ह पर्समध्येच आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

कानाच्या डॉक्टरांकडे. एका लहानशा बंद खोलीत बसवलं, हेडफोन दिले. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. सुरुवातीला चांगले घुमणारे आवाज आले, तेव्हा मी पटापट बटण दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी नीट बसून राहिले, पदर सारखा केला, वाट पाहिली. दार उघडून तिथली मुलगी आत आली तेव्हा विचारलं, पुढची कधी सुरू करणार? ती म्हणाली, "काकू, झाली की तपासणी."

दोन्ही कान. वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, शिट्ट्या, पक्षी, बोलण्यातले स, च, त. ढोलासारखे खालचे राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतं, असं डॉक्टर म्हणाले. मशीन लागेल, माप घेतलंय, वीसेक दिवसांत येईल. फोनवर मात्र पूर्वीसारखं होईलच असं नाही. जाताना त्यांनी गळाही पाहिला. म्हणाले, गळा उत्तम आहे तुमचा.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळच्या पाळीच्या शेवटी मुद्दाम गेले. प्रियदर्शनी कँटीनमध्ये डबा खात होती. समोर बसून विचारलं, "त्या दिवशी झाडांखाली चिमण्या होत्या का?"

तिने घास खाली ठेवला. "होत्या, ताई."

"किती?"

"तुमचा आवाज ऐकू येत नव्हता, इतक्या."

मग तिने सगळं सांगितलं. फोन आधी का घ्यायची, आकडे परत का विचारायची. मी म्हटलं, मग मला सांगितलं काहून नाहीस? तिचाच शब्द माझ्या तोंडून गेला, दोघींनाही हसू आलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि कोणाला कळू द्यायचं नाही. म्हणून मी पण नाही बोलले. नंतर तुम्ही मला काढलंत, तेव्हा वाटलं, मी जास्तच केलं असेल."

तिच्याबद्दल मी या वहीत काय काय लिहून ठेवलंय. माफ कर, असं म्हणाले मी. जेवढं म्हणायला हवं होतं तेवढं म्हणता आलं नाही. डोळ्यांखाली काळं आलंय पोरीच्या, पहाटेच्या पाळीने.

३ सप्टेंबर, बुधवार

पेनड्राइव्ह कादंबरी मॅडमना दिला आणि डॉक्टरांचा कागदही. त्यांनी दोन्ही पाहिलं, दार लोटून घेतलं आणि माझ्याकडे वळून मोठ्याने बोलू लागल्या. आता सगळे माझ्याशी असेच बोलणार.

म्हणाल्या, "जिनतताई, मी असं लिहिते की लाईनमध्ये खरखर होती, आकडा अस्पष्ट आला. दोष कोणाचाच नाही. त्या मुलाला फार तर एक ताकीद मिळेल. तुम्ही चाचणी द्या. चाचणीत कागदावरून वाचायचं असतं, ते तुमच्याइतकं कोण वाचतं? मशीन लावा, केसांखाली दिसतही नाही."

मी म्हटलं, विचार करून सांगते. खोटं कशाला लिहू, बाहेर पडताना मला हलकं वाटलं. बसमध्ये स्कार्फही गुंडाळला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

प्रोबेशनवरच्या माणसाला ताकीद म्हणजे काय, हे जुनेदना विचारलं. बँकेत त्यांनी अशी प्रकरणं पाहिली आहेत. म्हणाले, कायम करताना पहिला कागद तोच निघतो. कधी तरतो, कधी नाही. मग म्हणाले, "तुला काय करायचं ते कर. मी दोन्हींत तुझ्याबरोबर आहे."

मला राग आला. कोणीतरी एक बाजू घेऊन मला ओढायला हवं होतं. सत्तावीस वर्षं हंगामी राहून माणूस किती दमतो, हे कोणाला सांगणार? त्या मुलाने कायम होऊ नये असं मला वाटत नाही. पण मलाही सोडवत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

लिहून दिलं. अभियंत्याने पस्तीस हजार हाच आकडा स्पष्ट सांगितला होता, लाईन चांगली होती, ऐकण्यात माझी चूक झाली, आधीचं निवेदन मागे घेते. कादंबरी मॅडम कागद हातात धरून बसल्या. म्हणाल्या, "हे फाइलला लागलं की मला तुम्हाला ड्युटी लावता येणार नाही. फोन घेणं हा कामाचाच भाग आहे. कळतंय ना तुम्हाला?"

कळतंय म्हटलं. शुक्रवारच्या चाचणीच्या यादीतलं माझं नाव त्यांनी माझ्यासमोर खोडलं. चांगल्या आहेत, रेघ हळूच मारली. संध्याकाळी हिंमतरावांनाही फोन केला, चूक माझी होती म्हणून सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, किंवा बोलले असतील तर हळू बोलले.

९ सप्टेंबर, मंगळवार

खडकवासल्याला गेले. पत्राची प्रत टपालानेही गेली असती, पण म्हटलं आपणच जावं. फोनवर मला कोणाला काही सांगायचं नव्हतं.

उत्तरेश्वर म्हणजे अगदीच कोवळा मुलगा निघाला, मिशीसुद्धा धड नाही. मला पाहून उभाच राहिला. पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. लाईन खराब असेल." ज्याला त्याला दोष लाईनलाच द्यायचा आहे.

"लाईन चांगली होती," मी म्हटलं. "तुम्ही पस्तीसच म्हणालात. मला ऐकू येत नाही."

हे मी मोठ्याने आज पहिल्यांदा म्हटलं. बहुधा जास्तच मोठ्याने, कारण पलीकडच्या टेबलांवरची दोन माणसं वळून बघायला लागली. माझे डोळे भरून आले होते, मी ते पुसले नाहीत.

तो काहीतरी बोलला. कळलं नाही. गेले कित्येक महिने अशा वेळी मी मान डोलावते आणि बोलणं पुढे जातं. आज डोलावली नाही. म्हटलं, परत सांगा. त्याने परत सांगितलं, तेही कळलं नाही. अजून एकदा म्हटलं. तेव्हा तो टेबलाला वळसा घालून आला, माझ्यापुढे वाकला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "चहा, घेणार, का?"

घेईन म्हटलं. मग साखर किती, हे त्याला परत परत विचारावं लागलं, आणि मी दर वेळी न लाजता "काय?" म्हणाले.